रुखमाचं आमेन

हा दिवसाढवळ्याचा किस्सा आहे, तेव्हा कंदील मोठा केलात तरी फरक पडणार नाही. चौऱ्याहत्तरचा मे महिना. साकोलीकडच्या एका मिशन दवाखान्यात मी कंपाउंडर होतो; ऑपरेशनच्या वेळी पेशंटला बेशुद्ध करायला इथर देणंही माझ्याच गळ्यात पडलं होतं. दुपारी खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला बाहेर आलो, तर फाटकाशी बहिणीच्या सासरची, एकोडीची बैलगाडी उभी. गाडीत माझी धाकटी बहीण रुखमा, पांढरीफटक.

साळवे डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. "आत रक्त साचतंय. आत्ताच उघडावं लागेल."

डॉक्टर भला माणूस, पण त्यांची एक पद्धत होती. आधी डोळे मिटून प्रार्थना करायचे, आणि पेशंटनं स्वतः 'आमेन' म्हटल्याशिवाय सुरीला हात लावायचे नाहीत. "तसंच होवो, एवढाच अर्थ," ते सांगायचे. "शरीर ज्याचं, होकार त्याचाच हवा." खेड्यातली माणसं तो शब्द औषधासारखा गिळायची. रुखमानं मात्र मान फिरवली आणि माझ्या कानाशी कुजबुजली.

"थो शब्द मी नाही बोलत, भाऊ. किरिस्ताव झाली, बाटली म्हनतीन मले. मंग माह्या लेकराले हात लावू देनार नाहीत."

"अवं, नाही बोलली तं मरशीन!"

"मंग घरी घेऊन चाल मले..."

ताट्यांमुळे खोलीत अंधार होता. ओल्या वाळ्याचा आणि इथरचा वास कोंडला होता. डॉक्टर डोळे मिटून थांबले होते, थांबलेच होते. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंतही ती टिकली नसती, हे मला दिसत होतं. माझ्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. मी आवाज बारीक केला, अगदी बाईसारखा, आणि म्हणालो, "आमेन."

रुखमानं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मी बाटलीतलं इथर ओतलेली जाळी तिच्या नाकातोंडावर धरली.

ती उठलीच नाही.

माझ्या हाताखाली गेली ती, 'नाही' म्हणत. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

तेरवी उरकून कामावर आलो. टेबलावर अड्याळच्या कुंताबाई होत्या, पोटात गाठ. प्रार्थना संपली. म्हातारी माझा हात धरून पुटपुटली, "नाही बापा... मले नाही कापून घ्याचं..." मला तर बरंच वाटलं. आता डॉक्टर थांबतील.

तेवढ्यात तोच बारीक आवाज आला. "आमेन."

मी दात आवळून उभा होतो. शपथेवर सांगतो, माझं तोंड बंद होतं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. "इथर दे."

"साहेब, त्या... त्या नाही म्हणाल्या."

"मी कानांनी ऐकलं, सेवकराम. याच आवाजात तुझी बहीण बोलली होती."

कुंताबाई माझ्या खांद्यामागे बघत होत्या. ओठ कसेबसे हलले. "त्या बाईले सांग ना... माह्यासाठी नोको बोलू म्हना..."

मागे वळायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांना थांबवायचं तर रुखमाचं सगळं सांगावं लागलं असतं. मी भ्यालो. खाली मान घालून जाळी उचलली.

इथरच्या बाटलीचं बूच अजून काढलंही नव्हतं. जाळी ओली होती.