पाठीवरचा उतारू

एकोणीसशे एकतीसच्या मे महिन्याची अखेर होती. मोसमातली शेवटची आगबोट त्या दिवशी मुंबईहून रत्नागिरीला लागायची होती. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी बंद. भाट्याचा केरू दुपारीच तरीच्या होडीने खाडी ओलांडून बंदरावर आला. काम रोजचंच. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी, उतारू शिडीने पडावात उतरत आणि पडाव वल्हवत किनाऱ्याकडे येई. मोठ्या ओहोटीला तोही कमरेइतक्या पाण्यात अडे. मग केरूसारखे चारसहा खलाशी एकेका उतारूला पाठीवर घेऊन कोरड्या वाळूवर नेऊन ठेवत.

त्या दिवशी मात्र केरूला घरचं माणूस उतरवून घ्यायचं होतं. त्याची आई धोंडूबाई तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती. जीव अडकला होता तो धाकट्या सदूत. सदूला मुंबईच्या गिरणीत जायचं नव्हतं. सात वर्षांपूर्वी केरूनेच त्याला बळेबळे पाठीवर घालून पडावात नेऊन बसवलं होतं. आता दोन पत्रं गेली, उत्तर नाही. आला तर याच बोटीने, नाहीतर आई त्याला न पाहताच जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवेलागणीच्या सुमाराला पडाव येऊन अडला. केरूने पाण्यात उभं राहून एकूण एक तोंड न्याहाळलं. सदू नव्हता. त्याने पुन्हा पाहिलं.

"केरू, बायको पसंत करतंयस काय?" पडावाचा तांडेल आत्माराम वरून म्हणाला. "पाठ दे. लोकं खोळंबलीत."

केरू वळला आणि वाकला. मागून दोन हात त्याच्या गळ्यात आले.

इतकी वर्षं माणसं वाहिल्यावर केरूला पाठीवरचं वजन न चुकता कळे. हे वजन एखाद्या भिजल्या घोंगडीएवढं होतं. मानेवर गार श्वास लागत होता आणि इस्पितळात येतो तसा फिनेलचा वास.

"दादा..."

केरूचा पाय पाण्यातच थांबला. तो मान वळवणार, तोच गळ्यातले हात घट्ट झाले.

"वळून बघू नुको... आयेकडं ने. मी सांगत नाय तवर खाली ठेवू नुको."

आजारी आहे, चालवत नसेल, लोकांसमोर लाज वाटत असेल, असं केरूने मनाशी धरलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. वाळू लागली तरी तो थांबला नाही, तसाच वाकून चालत सुटला. मागून कुणीतरी हाका मारत होतं.

खाडी ओलांडायच्या तरीतही तो बसला नाही. तरवाल्या गंगारामने विचारलं, मोकळा तर हायस, मग उभा का? खाडीवर अंधार उतरत होता. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. मानेवरचा श्वास आता लागत नव्हता, पण हात गळ्यात तसेच होते.

घरी पडवीत आईच्या उशाशी त्याची बायको हौसा बसली होती. केरू येऊन आईसमोर वाकून उभा राहिला. धोंडूबाईने डोळे उघडले. तिची नजर केरूच्या खांद्यावरून मागे गेली आणि तोंडावरचा ताण उतरला. तिने हात उचलला, तो केरूच्या कानाजवळून पलीकडे नेला आणि कुरवाळावं तसा हवेत फिरवला.

"सदू... किती वाळलास रे बाबा."

तेवढं बोलून तिने प्राण सोडला.

सासूने नवऱ्यालाच सदू समजून हाक मारली, असं हौसाला वाटलं. केरूचे हात मागे एकमेकांत अडकले होते. ते तिने ओढून सोडवले, तेव्हा पाठीवर काही नव्हतं.

सकाळी वाडीतला हरिश्चंद्र एक गाठोडं घेऊन आला. सदू बोट सुटायच्या आधीच, सोमवारी, मुंबईच्या इस्पितळात वारला होता, गाठोडं त्याचं. "कालच्या पडावातच होतो मी," तो म्हणाला. "चार हाका मारल्या तुला. तू रिकामाच वाकून चालत होतास."

पावसाळा सरला. नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट लागली आणि केरू पुन्हा पाण्यात उभा राहिला. पडावाच्या काठावर मथुरा नावाची एक म्हातारी बसली होती. मुंबईहून लेकीकडे आलेली, इथे कुणाच्या ओळखीची नाही. केरूने पाठ दिली, पण ती काही बसेना.

"आधी त्याला उतरव, बाबा," ती म्हणाली. "मी थांबते."

म्हातारीला दिसत नाही, असं म्हणून तांडेल हसला. केरू तसाच वाकलेला राहिला. त्याने हळू आवाजात विचारलं, "काय करतोय तो?"

म्हातारीने पुढे झुकून पाहिलं.

"तुझ्या कानाशी लागून काहीतरी सांगतोय... मघापासून तेच तेच सांगतोय. तुला ऐकू येत नाही?"