आम्ही, श. गो. पागनीस

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात त्या दिवशी माझा हात आणि त्याचा हात एकाच चमोट्यावर पडला. मला पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल तर… या माणसाच्या हाताला कडकडून चावावं.

१९५६ चा जून. बाहेर आंधी सुटलेली, धुळीत समोरचं दुकान दिसेना, म्हणून दौलतसिंहांनी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली होती. ते पूर्वी संस्थानच्या पागेसाठी खोगिरं शिवायचे. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, आता ते बॅगा आणि चपला शिवत. पण जुन्या खोगिरांच्या कातड्याचे चमोटे, म्हणजे वस्तऱ्याला शेवटची धार लावायचे लांब पट्टे, अजून त्यांच्याकडे अधूनमधून मिळत. त्या दिवशी एकच उरला होता.

"सोडा," मी म्हटलं.

"आधी माझा हात पडला." पंचवीस-सत्तावीस वर्षांचा असेल. धुळीनं भुवया पिवळ्या झालेल्या. "आणि बाईसाहेब, हा चमोटा आहे. कमरेला बांधायचा पट्टा नव्हे."

"आम्हाला ठाऊक आहे चमोटा काय असतो ते."

"घरी कुणासाठी नेताय? नाव सांगा, मी त्यांना समजावतो. पुरुषमाणसाची गोष्ट आहे, ते समजून घेतील."

झालं. मी पट्टा त्याच्या हातून ओढला आणि कातड्यावरून पालथा हात फिरवला. पालथाच फिरवायचा असतो, तळव्याला घाम असतो. मग एक टोक त्याच्या हातात दिलं. "धरा. ताणा."

त्यानं धरलं… म्हणजे त्याला वाटलं त्यानं धरलं.

"सैल धरता तुम्ही. सैल पट्ट्यावर धार गोल होते. घरी जाऊन गालाला विचारा."

"दे दो भैयाजी," दौलतसिंह म्हणाले. "इनसे आज तक कोई नहीं जीता."

त्यानं पट्टा सोडला. राग याचा आला की सोडताना तो हसला. आणि त्याहून राग याचा आला की आंधी थांबेपर्यंत अर्धा तास मी त्याच दुकानात उभी होते आणि ते हसू मला पाठ झालं.

आमचं घर किला गेटला. नाना, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या दफ्तरात होते. अठ्ठेचाळीस साली दफ्तर मोडलं, कागद गाड्यांत भरून गेले, आणि त्यानंतर नानांचा उजवा हात कापायला लागला. जन्मभर स्वतःच्या वस्तऱ्यानं दाढी केलेला माणूस. परक्याचा हात गालाला चालायचा नाही, आणि पात्याच्या नव्या मशीनला ते खेळणं म्हणत. एका सकाळी हनुवटीवर चार ठिकाणी रक्त आलं तेव्हा मी त्यांच्या हातातून वस्तरा काढून घेतला. त्याला आता चार वर्षं झाली होती. आधी ते काम होतं, मग शौक झाला. जुन्या बाजारातून गंजलेले वस्तरे आणायचे, पथरीवर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासायचे, चमोट्यावर फिरवायचे. नऊ वस्तरे मी असे जिवंत केले.

शेजारच्या शालिनीताई नानांना म्हणाल्या होत्या, "मुलगी वस्तरा चालवते हे बाहेर कळू देऊ नका हो. स्थळं यायची नाहीत." नाना समोर होते म्हणून मी गप्प बसले. तो राग अजून माझ्या पोटात तसाच आहे.

मग मला फिरती वही सापडली. एका साप्ताहिकाच्या कोपऱ्यात उज्जैनचे निवृत्त हेडमास्तर तात्यासाहेब यांनी चार ओळी छापल्या होत्या: वस्तऱ्यानं दाढी करण्याचा शौक असलेल्यांनी कळवावं. झाशी, इंदूर, नागपूर, बडोदा… सात गावचे सात सभासद होते. एकच जाड वही पोस्टानं गावोगाव फिरायची. चार दिवस ठेवायची, आधीच्यांचं वाचायचं, आपलं लिहायचं, पुढच्याला धाडायची. मी भीत भीत विचारलं, हनुवटीखालच्या खळग्यात वस्तरा अडतो, काय करावं? दीड महिन्यानं वही परत आली तर सातही जणांची उत्तरं. एकानं चित्र काढून दाखवलेलं. झाशीच्या सुभेदारांनी लिहिलं होतं, कातडी कानाकडे ओढा, आणि घाबरू नका, आमचंही पुष्कळ रक्त निघालं आहे. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चक्क रडले. माझ्या या कामाला कुणी नाक मुरडलं नव्हतं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

आता एक कबुली. आमच्या ग्वाल्हेरात हिंदीच्या 'हम'च्या संगतीनं सगळेच स्वतःला 'आम्ही' म्हणतात. आम्ही जेवलो, आम्ही निघालो. पहिलं पत्र मी तसंच लिहिलं, 'आम्ही रोज वस्तरा लावतो', आणि खाली सही केली श. गो. पागनीस. 'मी लावते' लिहिलं असतं तर बाई कळली असती. 'आम्ही लावतो' मध्ये बाई कळत नाही. उत्तरं आली ती 'पागनीससाहेब' म्हणून. तिथे माझी सवय संपली आणि लबाडी सुरू झाली. ती वही हातची गेली असती तर मला दुसरी जागा नव्हती.

जुलैत वही आली. माझ्याआधीचं पान इंदूरच्या मा. लघाट्यांचं. खरं सांगायचं तर दोन वर्षं मी आधी त्यांचंच पान उघडत आले होते. वस्तऱ्याबद्दल लिहितानाही तो माणूस हसवायचा. या वेळी लिहिलं होतं, 'सचिवालयात बदली होऊन ग्वाल्हेरला आलो. मुक्काम नया बाजार. पाटणकर बाजारात एका बाईंनी माझ्या हातून चमोटा हिसकावला. डोळे असे, की गालावरचा फेस वाळून जावा. पट्टा सैल धरता म्हणाल्या. घरी येऊन ताणून धरला आणि धार बसली! पागनीससाहेब, आपण तिथले जुने. अशी कुणी आपल्या माहितीत आहे का?'

मी वही भिंतीवर फेकली. मग उचलली. मग तो मजकूर आणखी दोनदा वाचला.

'अशा बाईला आम्ही चांगलं ओळखतो,' मी लिहिलं. 'तिचं म्हणणं असं, की तिची माफी मागायची सोडून तुम्ही सात गावांत तिची बदनामी करत आहात.'

वही फिरून त्यांच्याकडे जायला दीड महिना, म्हणून तेच मी एका कार्डावरही धाडलं. लघाट्यांना तरी धीर कुठला! ते नया बाजारातून किला गेटला कार्डं टाकू लागले.

'माफी मागायला पत्ता लागतो, साहेब.'

'पत्ता देण्याजोगं तुमच्यात काय आहे, असं ती विचारते.'

'गाल गुळगुळीत आहेत म्हणावं. तिच्याच कृपेनं.'

'ती म्हणते, गालावर कोण भुलतं?'

'मग कशावर भुलते ते विचारून कळवा. मी भेटायला येऊ का?'

'येऊ नये. आमची प्रकृती बरी नसते.'

प्रकृती खरंच बरी नव्हती. पोस्टमन दोन दिवस आला नाही तर मी नानांवर खेकसायची.

ऑक्टोबरात सगळीकडे एकच बोलणं. नवा प्रांत होणार, मध्यभारत संपणार, पहिल्या नोव्हेंबरपासून राजधानी भोपाळ. कचेऱ्यांचे कागद पुन्हा एकदा गाड्यांत भरले जात होते. नाना ते बघायलाही बाहेर पडले नाहीत. एका रविवारी सकाळी मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवून फेस लावला, वस्तरा गळ्याला टेकवला… आणि उघड्या दारातून आवाज आला.

"पागनीससाहेब आहेत का? मी लघाटे. भोपाळला निघालो, म्हटलं वही हातानंच द्यावी."

मी वळून पाहिलं. तोच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वस्तऱ्याकडे, मग खुंटीला लटकलेल्या चमोट्याकडे.

"श. गो.?" तो हळूच म्हणाला.

"शरयू गोपाळकृष्ण."

त्याचा चेहरा लाल झाला. "चार महिने! चार महिने मी एका वडीलधाऱ्या माणसाला मनातलं लिहितोय असं समजून…"

"वडीलधारे आहोत असं आम्ही कुठं लिहिलंय? दाखवा. वही तुमच्याच हातात आहे."

"आम्ही, आम्ही! आम्ही म्हटल्यावर मला वाटलं कुणी जुने दरबारी गृहस्थ असतील, झुपकेदार मिशांचे…"

"मिशा तुम्ही लावल्यात. आम्ही नाही."

"आणि इथे बसून मला हसत होतात."

"लघाटे," नाना फेसातून म्हणाले, "गळ्यावर वस्तरा आहे माझ्या. तिला आणखी चिडवायचं असेल तर पाच मिनिटं थांबा."

तो थांबला नाही. वही ओट्यावर आपटली. "मंडळाला खरं कळायला हवं. मी तात्यासाहेबांना कळवणार."

"कळवा ना," मी म्हटलं. वस्तऱ्याचा फेस पुसला. "पुरुषमाणसाची गोष्ट आहे, ते समजून घेतील."

स्वतःचंच वाक्य ऐकून तो एक क्षण घुटमळला. मग निघून गेला.

नानांचा उरलेला गाल मी पुरा केला. एक ओरखडा नाही. मग वही उघडली. रागाच्या भरात काय ठेवून गेला याचं त्याला भानच राहिलं नव्हतं. घरून निघण्याआधी लिहिलेलं त्याचं पान…

'पागनीससाहेब, जाण्यापूर्वी एक विनंती. त्या बाईंच्या घरी आपण वडीलधारे म्हणून माझ्यासाठी शब्द टाकावा. त्या रागीट आहेत हे ठाऊक आहे. त्यांचा राग मला आवडतो, कारण चूक नेहमी माझीच असते. जन्मभर पट्टा ताणून धरीन म्हणावं. मा. लघाटे.'

मला त्याचा इतका राग आला… आणि स्वतःचा त्याहून जास्त. पान फाडून टाकावं असं वाटलं. नाना टॉवेलनं कान पुसत होते.

"शरयू, सांगायचं असेल तर तूच सांग. त्यानं सांगितली तर ती चुगली होईल."

मी टाक घेतला. 'मी शरयू पागनीस. मी वस्तरा लावते. मी माझ्या वडिलांची दाढी करते. मी तुम्हांला दोन वर्षं फसवलं, त्याची माफी मागते. पण वस्तऱ्याबद्दल मी जे लिहिलं त्याची मागत नाही. वहीत माझी जागा राहील की नाही, तेवढं कळवा.' 'मी' लिहायला हाताला इतके कष्ट कधी पडले नव्हते. त्याच्या विनंतीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. वही बांधून उज्जैनला रवाना केली.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. एकही कार्ड नाही. नया बाजारातून जाताना मी मुद्दाम दुसरीकडे बघायची. शालिनीताईंनी एक स्थळ आणलं आणि वर म्हणाल्या, वस्तऱ्याचं काढू नकोस हं. या वेळी मी गप्प बसले नाही. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या पंधरा दिवस फिरकल्या नाहीत.

जानेवारीत, अशाच एका रविवारी, ऊन अंगणात नुकतं उतरलं होतं. कडी वाजली. दारात तो होता. काखेत वही, गालांवर आठवड्याची दाढी.

"तुमच्या आधी माझाच नंबर," तो म्हणाला. "म्हटलं, हातानंच द्यावी."

मी 'या'सुद्धा म्हटलं नाही. उभ्यानंच वही उघडली. तात्यासाहेबांचं ठसठशीत अक्षर: 'नियमांत सभासद असा शब्द आहे. तपासून पाहिला. त्याला लिंग नाही.' खाली झाशीचे सुभेदार: 'श. गो. यांनी सांगितल्याप्रमाणे पथरी बदलली आणि माझ्या गालाचं कल्याण झालं. सल्ला बाईचा निघाला म्हणून आता पुन्हा कापून घेऊ काय?' नागपूरकरांनी राजीनामा दिला होता. बाकी सगळे तिथेच होते. एकानंही मला काढा असं लिहिलं नव्हतं.

अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून मी घाईघाईनं पान उलटलं. "तुमचं पान कुठाय?"

"लिहिलं नाही. जे लिहायचं ते ऑक्टोबरातच लिहून बसलोय."

"आणि तात्यासाहेबांना कळवणार होतात ते?"

"कार्ड लिहिलं. फाडलं. चार वेळा." त्यानं मान खाली घातली. "फसवलंत याचा राग होताच. पण भोपाळात कळलं, मला खरं दुखलं ते दुसरंच. तुम्ही माझं सगळं वाचत होतात, आणि मला तुमचं काहीच कळत नव्हतं."

"बसा," मी खुर्चीकडे बोट दाखवलं. "ही दाढी घेऊन कुणाच्या घरी जातं का कुणी?"

आधी त्याच्या हातात चमोट्याचं टोक दिलं. त्यानं धरलं… ताठ, अगदी ताठ. मी वस्तरा दोनदा फिरवला आणि धार बसली. मग फेस लावला, हनुवटी वर केली आणि वस्तरा त्याच्या गळ्याला टेकवला.

"आता मागा माफी."

"दुकानातल्या त्या वाक्याची माफी मागतो. मनापासून."

"हलू नका."

"माझ्या विनंतीचं काय झालं? पागनीससाहेबांनी शब्द टाकला का त्या बाईंकडे?"

"पागनीससाहेब नव्हतेच. टाकणार कोण?" मी त्याची कातडी कानाकडे ओढली. बोटांखाली त्याची नाडी धावत होती. "म्हणून मीच विचारलं तिला."

"काय म्हणाल्या?"

मी वस्तरा उचलला. मग उगाच त्याच्या गालावर पुन्हा फेस लावला.

"म्हणाली… मी येते."

"पुन्हा म्हणा."

"मी येते. भोपाळला. मला तुम्ही आवडता. झालं समाधान?"

"काय चाललंय काय?" घरातून नानांचा आवाज आला. "तू भोपाळला गेलीस तर माझी दाढी कोण करणार? 'आम्ही येतो' म्हण!"

फेस लावलेला तो हसू दाबत होता, खुर्ची हलत होती, आणि मला रडूही येत होतं आणि रागही. मी डोळे पुसले.

"आम्ही येतो," मी म्हटलं. या वेळी त्या शब्दात खरोखरच दोन माणसं होती.