अकराव्या भागातला कावळा

आधीच सांगतो, ही दुपारची गोष्ट आहे. भुताचं नाव काढलं की लोकांना लगेच अमावस्या, पिंपळ आणि घुबड लागतं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. इंदिरानगरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मे महिना, खाली कुणाची तरी पाण्याची मोटर घुरघुरतेय आणि मी एका ॲनिमेशन मालिकेचं परीक्षण करायला बसलोय. याहून साळसूद काम शोधून सापडणार नाही. तुम्ही दिवा तेवढा राहू द्या, बंद करू नका.

यूट्यूबवर माझं चॅनल आहे. हौशी लोकांनी घरबसल्या केलेल्या मालिका बघायच्या आणि त्यांची सालटी काढायची, हा माझा उद्योग. बघणारे भरपूर मिळतात. दुसऱ्याची सालटी निघत असली की आपल्या लोकांना चहासुद्धा गोड लागतो.

त्या दिवशी पाळी होती शुभांगीची. ती कळवणला एका पतसंस्थेत नोकरी करते. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायच्या एका गेमवर तिचा भारी जीव. त्या गेममधली माणसं म्हणजे ठिपक्याठिपक्यांची चित्रं, त्यांना स्प्राइट म्हणतात. एक पाय पुढे असलेलं एक चित्र, मागे असलेलं दुसरं, ती भराभर दाखवली की माणूस चालायला लागतो. शुभांगी ती चित्रं गेममधून उचलते आणि त्यांच्याकडून आपल्या मनातलं नाटक करून घेते. मालिकेचं नाव 'एक लाइफ बाकी'. गेममधला बंदूकवाला तिच्या हाती लागला आणि त्याचा रंगा झाला. त्याला आई मिळाली, भाऊ मिळाला, ओघानं भांडणंही मिळाली.

अकरावा भाग तिनं लोकांना दाखवायच्या आधी मला पाठवला. सोबत निरोप होता, 'सर, मनापासून केलाय. जरा सांभाळून घ्या.' मनापासून केलेल्या गोष्टींचीच मला जास्त चीड येते.

परीक्षण रेकॉर्ड करताना मी खिडक्या लावून त्यांवर गोधड्या टांगतो, म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही आणि खोलीत घुमतही नाही. गोधड्या आईच्या हातच्या, चांगल्या जाड. पंखाही बंद करावा लागतो. भर दुपारी खोलीत मिट्ट काळोख होतो आणि उजेड फक्त पडद्याचा. घाम गळत असतो, तशात मी माइकसमोर बसतो आणि बोलायला लागतो.

सुरुवात झकास झाली. रंगा चालताना पाय जमिनीवरून घसरत होते. डावीकडे वळला की त्याचं तेच चित्र आरशासारखं उलटं करून वापरलेलं, त्यामुळे बंदूक आपोआप या हातातून त्या हातात जात होती. त्याची आई या भागात मेली, तर हा तिच्या मयतालाही बंदूक घेऊन आला, कारण बिनबंदुकीचं चित्र त्या गेममध्ये नाहीच. मी म्हणालो, 'एवढा कर्तबगार मुलगा असल्यावर आई जगणार कशी?' लोक यावर हसणार हे मला ठाऊक होतं.

मग आला घाट. रंगाच्या आईचा दहावा. गोदावरी म्हणून शुभांगीनं गेममधलंच निळं पाणी वापरलं होतं, चौकोनी लाटांचं. पायरीवर भाताचा पिंड होता, त्यावर काळ्या तिळांचे ठिपके. गेममध्ये कावळा नव्हता म्हणून एका गरुडाला लहान करून काळा रंग फासला होता. तो उडत आला, वरच्या पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळ्याची उघडझाप. पुन्हा मान डावीकडे.

'कावळ्याला भूक दिसत नाही,' मी माइकमध्ये म्हणालो. 'लोकांना मात्र जेवायला जायचंय.'

बोललो आणि माझा मलाच राग आला, कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते दादाचं होतं.

दादा म्हणजे गोरक्ष, माझा थोरला भाऊ. गेल्या वर्षी आमच्या आईच्या दहाव्याला गोदाकाठी आम्ही असेच ताटकळलो होतो. कावळे झाडभर होते, पण आईच्या, कुसाबाईच्या पिंडाला एकही शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, आणि कुणी ती ओळखून शब्द दिला की शिवतो, हे तुम्हाला काय सांगायचं. मग जो तो शब्द द्यायला लागला. मामा माझ्याकडे बोट करून म्हणाले, साईचं लग्न करून देऊ. काकू म्हणाली, नातवाला डॉक्टर करू. सगळ्यांना आपापल्या इच्छा आईच्या नावावर खपवायच्या होत्या. गुरुजी म्हणाले, 'जपून बोला. जो बोलेल त्याच्या गळ्यात पडतं ते.' शेवटी दादानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, 'गुरुजी, लोकांना जेवायला जायचंय. करा काय ते.' गुरुजींनी दर्भाच्या काड्यांचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि आई सुटली असं जाहीर झालं. पंगतीत जिलेबी होती.

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. आईला नेमकं काय हवं होतं, एवढं एकच मला कळायला हवं होतं. ती अडकली असेल तर कशात अडकली?

अंदाज होता मला. मखमलाबादकडे आमचा गुलाबाचा मळा होता, आईनं वाढवलेला. ती दवाखान्यात पडली आणि इकडे दादानं प्लॉट पाडायला मळ्यात जेसीबी घातला. तिला सांगितलं नाही. उलट रोज फुलबाजारातून गुलाब घ्यायचा, तिच्या उशाशी ठेवायचा आणि म्हणायचा, 'आई, तुझ्या मळ्यातला हाय. लय बहर आलाय बघ.' आमची बहीण उज्वलाताई मालेगावहून येऊन आईपाशी राहिली होती. तिनं सगळं पाहिलं. आईनं एक दिवस फूल नाकाशी धरलं, मग खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. जन्मभर पहाटे उठून गुलाब तोडणाऱ्या बाईला वासात कोण फसवणार? त्यानंतर ती कुणाशी बोललीच नाही. ताईनं मला हे सांगितलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

हे सगळं मनात येईपर्यंत बराच वेळ गेला असणार. पडद्याकडे पाहिलं तर कावळा तिथंच. मान डावीकडे, मान उजवीकडे.

खाली वेळेचा आकडा थांबलेला होता. व्हिडिओ अडकला म्हणावं तर पाणी वाहत होतं. मी बंद करायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही झालं नाही. तेव्हा शुभांगीला फोन लावला.

'तुमचा कावळा खाली येत नाहीये,' मी म्हणालो.

'असं कसं, सर? तो लगेच येतो. उडत येतो, बसतो आणि चोच मारतो.'

'इथं तर नुसती मान वळवतोय.'

तिनं आपली फाइल उघडली असावी, माउसची टिकटिक ऐकू आली.

'सर... मान वळवायची चित्रं मी काढलेलीच नाहीत. उडायची आणि चोच मारायची, तेवढीच काढली. तुम्ही दुसरंच काही बघताय का?'

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. खोलीत उकाडा होता, पण हातावर काटा आला होता. आणि वास यायला लागला होता. आधी मला घामाचा वाटला. मग ओल्या दगडाचा वाटला, घाटावर येतो तसा. आणि त्यात कुजलेल्या गुलाबाचा.

उठून एक गोधडी ओढली असती तर ऊन आत आलं असतं. तेवढं मी केलं नाही. मला जाणून घ्यायचं होतं ना.

'आई...' मी म्हणालो. माइक चालूच होता. 'तू आहेस का?'

मान डावीकडे, मान उजवीकडे.

'मळा पुन्हा लावू. दुसरीकडे जागा घेतो, गुलाब लावतो... माझ्या हातानं लावतो.'

कावळ्यानं मान फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली. एवढं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

'ताईला अंतर देणार नाही. तिच्या पोरांचं बघीन.'

काही नाही. पाण्याचा आवाज मात्र यायला लागला. शुभांगीच्या भागात पाण्याला आवाज नव्हता, फक्त किरकिरं संगीत होतं. आता संगीत बंद पडलेलं आणि पाणी चुळचुळ वाजत होतं, माझ्या पायांपाशी वाजावं इतकं जवळ.

मी सगळं बोलून पाहिलं. लग्न करतो म्हणालो. दारू सोडतो म्हणालो. तुझ्या नावानं पाणपोई बांधतो म्हणालो, म्हणजे मामा-काकूंच्याच रांगेत मीही जाऊन बसलो. ती पाठ हलेना. मला रडू यायला लागलं आणि रडण्यापाठोपाठ संताप आला. जिवंत होती तेव्हाही अशीच भिंतीकडे तोंड करून पडली. एक शब्द बोलली असती तर मी जाऊन त्या जेसीबीपुढे आडवा झालो असतो. आता मेल्यावर कोडी घालतेय.

'मग काय करू?' मी ओरडलो. 'दादाचं वाटोळं करू? ते हवंय तुला? होऊ दे त्याचं वाटोळं. घे... दिला शब्द!'

कावळा वळला.

त्या गेममधली सगळी चित्रं बाजूनं काढलेली असतात. समोर बघणारं त्यात कुणी नसतं, तसं चित्रच नसतं. हा समोर बघत होता. चार ठिपक्यांचा तो डोळा, पण त्यात काय होतं ते मी ओळखलं. लहानपणी परीक्षेत पास झालो की आई तशी बघायची.

मग तो सावकाश एकेक पायरी उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

'नको...' मी म्हणालो. 'आई, नको. रागात बोललो मी... तुझाच आहे ना तो?'

तो खात राहिला. शेवटचा कण संपेपर्यंत खाल्लं, मग पायरीवर चोच पुसली, या बाजूनं आणि त्या बाजूनं. खालचा आकडा पुढे सरकला. किरकिरं संगीत सुरू झालं आणि रंगा बंदूक घेऊन, पाय घसरवत घरी निघाला.

गोधड्या मी ओढूनच काढल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, मोटर चालू होती, समोरच्या बाल्कनीत एक बाई कुरडया उलटत होती. मी तिच्याकडे इतका वेळ बघत बसलो की ती आत निघून गेली.

दादाला फोन लावत राहिलो, त्यानं उचलला नाही. आमचं बोलणं तसं दहाव्यापासूनच बंद आहे. उज्वलाताईला लावला आणि ती 'हॅलो' म्हणताच कापला. काय सांगणार होतो? आम्ही सगळे घाटावर उभे राहून आईला सून द्यायला निघालो होतो, डॉक्टर नातू द्यायला निघालो होतो, आणि मी शहाणा तिला गुलाब देत होतो. पोटच्या पोराचं वाटोळं हवं असेल असं कुणाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आई म्हटली की असलं काही आपण मनात येऊच देत नाही. आणि दादानं तिला ज्या थंडपणानं फसवलं ते आठवलं की मला तिचा दोषही दिसत नाही. हेच मला सहन होत नाही.

संध्याकाळी शुभांगीचा मेसेज आला, 'सर, कसा वाटला भाग?' मी लिहिलं, 'कावळा चांगला जमलाय.' तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. परीक्षण मी टाकलेलं नाही. रेकॉर्डिंग ऐकायची छाती होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचाच फोन आला. मी घाबरतच उचलला. आवाज रडवेला होता, पण दुःखाचा नव्हता.

'साई... झोपला होता का रे? अरे, आई आली होती स्वप्नात.'

मी अंथरुणात उठून बसलो.

'मेल्यापासून एकदा पण आली नव्हती रे. मला वाटायचं, रागावली माझ्यावर. तुला काय, सगळं माहीत हाय. मी चुकलोच. पण काल आली. लय हसत होती. मांडीवर डोकं घेतलं माझं, लहानपणी घ्यायची ना तसं. म्हणाली, "झालं बाबा माझं मनासारखं."' तो हुंदके द्यायला लागला. 'माफ केलं रे तिनं मला, साई. आता उज्वलाला बोलावून घेऊ. तिघं बसू. तिचा वाटा तिला देऊन टाकू. मी आता कुणाचं वाईट करणार नाय.'

इतकं चांगलं बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. 'दादा,' मी म्हणालो, 'जपून राहा जरा. आज कुठे जाऊ नको.'

'कुठे जातोय? घरीच हाय. अंग जरा गार पडलंय सकाळपासून, बाकी काय नाय.' तो नाक ओढत हसला. 'तिनं भरवलं रे मला. भात होता. आपल्या हातानं घास करून भरवला, म्हणाली, सगळं संपव, टाकू नको. मी सगळं खाल्लं. आणि गंमत सांगतो तुला, उठल्यापासून दातात तीळ अडकतोय. काळा. तुझ्या वहिनीनं सगळे डबे उघडून बघितले, घरात तीळच नायत.'

'दादा...'

'थांब, थांब,' तो म्हणाला. 'हा बघ. अजून एक निघाला.'