जोडीतला एक

सेन्सर उत्तर देत नव्हता.

खांदा कॉलनीतलं माझं दुरुस्तीचं दुकान. २०१३ मधली एक दुपार. टेबलावर बोर्ड, त्याला जोडलेला नखाएवढा कॅमेरा. बोर्ड दोन तारांवरून त्याला हाक मारतो. त्यानं ओ दिली की चित्र संगणकावर ओळीओळीनं उतरतं.

उत्तर नाही.

समोर किशोरी. समुद्राकाठच्या करंज्याहून आलेली, हिरव्या साडीत.

"अझरभाई, आज काम नाय झाला तर सासू मला माहेरी धाडील. कायमची."

त्यांच्या वाळवणीवरून बोंबील चोरीला जात होते. सासूचा, रंभाबाईंचा, संशय हिच्यावर. कॅमेरा रंभाबाईंनीच मला सांगून ठेवला होता; तो खरा चोर दाखवील म्हणून न्यायला ही स्वतःच आली.

"किती जातात?"

"दर जोडीतला एक."

बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगतात. "एक काढला की दुसरा पडणारच," मी म्हटलं.

"पडत नाय. तसाच लटकतो. म्हणून तर सासू म्हणते, ही करणी करते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, कॅमेरा कसा चुकवायचा ते बघायला आली असणार.

तारा बदलल्या. उत्तर नाही. रेझिस्टर लावले. नाही.

"बघू," म्हणत तिनं सेन्सरच्या कडेला बोट टेकवलं.

उत्तर आलं.

बोट उचललं, गेलं. टेकवलं, आलं. सोल्डरचा टाका सैल असेल, दुसरं काय? पुन्हा वितळवला, भिंगाखाली तपासला. पक्का होता. तरी तिच्या बोटाशिवाय काही नाही.

"ठेव मग बोट."

कॅमेऱ्याचं काळं झाकण मी अजून काढलं नव्हतं. चित्र काळंच यायला हवं.

वरच्या ओळी: आभाळ.

बांबू. दोरी. बोंबील.

पाठमोरी बाई. हिरवी साडी.

"हा फोटो यात कोणी भरून दिला तुला?" मी दरडावलं. विचारतानाच कळत होतं, या बोर्डाच्या मेमरीत एक अख्खं चित्र मावत नाही.

"मी काय केला? मी हितंच हाय ना तुमच्यासमोर?"

पुढचं चित्र. बाई वळलेली.

किशोरी. हातात एक बोंबील.

दोरीवर त्याचा जोडीदार, कशालाही न अडकलेला.

फोन वाजला. रंभाबाई. आवाज दुकानभर.

"भाई, कॅमेरा नको आता. किशोरी गावली, दोरीजवळच. पाया पडली, रडली. जाऊ दे, पोर हाय. माफ केली मी. ठेवते घरात."

"कोण किशोरी?"

"अरे, आमची सून! झोपलास काय?"

फोन बंद.

समोरचीनं सगळं ऐकलं होतं. ती दचकली नाही.

"ठेवली तिला?"

"हो."

"बरा झाला."

तिनं पदर खोचला. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि जमिनीवरचे तारांचे तुकडे झाडू लागली.

दाराकडून आत, आता इथंच राहायचं असल्यासारखी.