एक युक्ती एकदाच

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास भरतेश म्हणाला, "पोह्यात लिंबू कमी पडलंय गं," आणि पद्मजानं नुसती मान हलवली. पोहे कुठेच नव्हते. मिरजेतल्या त्या दवाखान्याच्या खोलीत एक पलंग होता, श्वासयंत्र होतं आणि उशाशी मुठीएवढा स्पीकर होता. बोलला तो स्पीकर. भरतेशचे ओठ एक्केचाळीस दिवसांत हलले नव्हते.

त्या यंत्राला पूरकवाचा म्हणत. भरतेशच्या डोक्यावर बारीक तारांची जाळी बसवली होती आणि ती मेंदूतले बोलण्याचे संकेत टिपायची. पण मेंदूच्या देठात गुठळी अडकल्यापासून त्याचे संकेत इतके क्षीण झाले होते, की दहातला जेमतेम एक शब्द हाती लागायचा. उरलेले नऊ यंत्र अंदाजानं भरायचं, हा माणूस आधी काय आणि कसं बोलायचा त्यावरून. त्यासाठी दवाखान्यानं त्याच्या आवाजाची जुनी मुद्रणं मागितली, तेव्हा पद्मजानं अकरा वर्षांचे रविवार उचलून देऊन टाकले.

आता प्रश्न एवढाच होता, की तो दहातला एक शब्द तरी खरंच भरतेशचा होता का? डॉक्टर नेत्रा हुक्केरींच्या मते नव्हता. ती नुसती खरखर असावी आणि आत कोणीच नसावं. तसं असेल तर श्वासयंत्र काढायचं होतं. त्या कागदावर बायको म्हणून पद्मजाची सही लागणार होती, सोमवारी सकाळी दहाला. तिला रडू येत नव्हतं. सुरुवातीला यायचं, मग कधीतरी थांबलं, आणि कुठल्या दिवशी थांबलं तेही तिला आठवत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात तसं तिचं सगळं अंग झालं होतं. नर्सनं विचारलं तर ती म्हणायची, "मी ठीक आहे," आणि उगाच कशाला खोटं बोला, तिला वाईटही वाटत नव्हतं.

सहीच्या आधी एक शेवटचा डाव खेळायचा हे खूळ त्यांच्या मित्राचं, इरफान मुल्लाचं. तो पुठ्ठ्यावर काढलेला नकाशा आणि फाशांची थैली घेऊनच आला.

हे तिघं कॉलेजपासून दर रविवारी एक खेळ खेळत आले होते आणि प्रत्येक डाव मुद्रित करून ठेवत होते. इरफान सूत्रधार. गुहा, किल्ले, राक्षस सगळं तो रचायचा आणि प्रसंग सांगायचा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आपण काय करतो ते बोलून दाखवायचं, आणि ते साधलं की फसलं ते फासे टाकून ठरायचं. पद्मजा मांत्रिक व्हायची. भरतेशला मंत्र नको असत आणि तलवारही. तो व्हायचा गोण्या, पाठीवर पोतं घेतलेला साधा हमाल. पोत्यात कुणाच्याही घरात सापडतील अशा वस्तू. पण अदृश्य चोर आला तेव्हा यानंच मूठभर पीठ उधळलं आणि चोर पांढराफटक होऊन समोर उभा राहिला. डोक्यावर मडकं उलटं धरून हा तळ्याच्या तळातून चालत गेला. इरफाननं महिनाभर खपून रचलेला एक राक्षस यानं जिन्यावर तेल ओतून दोन मिनिटांत संपवला, तेव्हा इरफान आठवडाभर फुगून बसला होता.

या सगळ्यात भरतेशनंच घातलेला एक नियम होता. एक युक्ती एकदाच. एकदा वापरलेली शक्कल पुन्हा काढायची नाही, मग पात्र मेलं तरी चालेल. अकरा वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता.

इरफाननं पलंगाच्या कडेला नकाशा पसरला. आवाज खेळातला करायला त्याला दोनदा खाकरावं लागलं.

"तर गोण्या कोठडीत अडकलाय. दगडी भिंती, लाकडी दार, बाहेरून अडसर. खालून पाणी चढतंय, घोट्यापर्यंत आलंय. पोत्यात आहे दोरी, पीठ, मडकं, खडू, घोंगडी आणि सुके हरभरे. बोल, काय करतोस?"

"मडकं डोक्यावर उलटं घालतो," स्पीकर लगेच बोलला, अगदी भरतेशच्या खुशीतल्या आवाजात. "आतल्या हवेवर निघेल की वेळ!"

इरफानचे फासे हातातच राहिले. "हे झालंय. तळ्यात केलंस."

"मग पीठ उधळतो."

"तेही झालंय."

"घोंगडी भिजवून अंगावर घेतो."

"आगीच्या वेळी घेतलीस, लका." इरफाननं फासे थैलीत टाकले आणि तो पद्मजाकडे वळला. "पद्मे, हा भरत्या नाही गं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. तिला धक्का बसला नाही. पण बारीकसा राग आला, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी आलं याचंच तिला नवल वाटलं. यंत्रानं पोह्यांच्या गप्पा मारल्या तिथवर ठीक होतं. पण मेलं ते त्याच्या तोंडून लबाडी करत होतं, आणि तीही खेळात!

"डॉक्टर, याचा अंदाज बंद करा."

डॉक्टर हुक्केरी दाराशी उभ्या होत्या. "पूर्ण? मॅडम, ते आम्ही पहिल्याच आठवड्यात करून पाहिलंय. नाव विचारलं, अर्धा मिनिट थांबलो. असं दहा वेळा केलं. काहीही आलं नाही."

"अर्धा मिनिट?" इरफान म्हणाला. "अहो, भरत्याची पाळी आली की आम्ही चहा टाकायचो. चहा पिऊन, कप विसळून झाले की मग साहेब तोंड उघडायचे!"

डॉक्टरांनी पद्मजाकडे पाहिलं, मग यंत्राच्या पडद्यावरची अंदाजाची पट्टी बोटानं शून्यावर सरकवली. स्पीकर गप्प झाला. इरफाननं कोठडी पुन्हा सांगितली, पोतं पुन्हा सांगितलं आणि खाली कँटीनमधून तीन चहा आणले. पद्मजानं चहा घेतला. त्याला चव नव्हती, म्हणजे तिला तरी लागली नाही. खोलीत फक्त श्वासयंत्राचा सुस्कारा होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण त्या गेल्या नाहीत.

एकोणिसाव्या मिनिटाला स्पीकर म्हणाला, "हरभरे."

आवाज सपाट होता, त्यात भरतेशची खुशी नव्हती, काहीच नव्हतं. डॉक्टर चटकन पुढे आल्या.

"हरभऱ्यांचं काय?" इरफाननं विचारलं. "पहारेकऱ्याच्या पायाखाली टाकलेस, ते झालंय. घोड्याला चारलेस, तेही झालंय."

आणखी नऊ मिनिटं गेली. "दाराच्या... फटीत." मग खूप वेळानं, "भिजू दे."

इरफाननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अगं, सुके हरभरे! फटीत ठासून भरायचे आणि पाणी चढू द्यायचं. ते फुगतात, फुगले की लाकूड फाकतं, बिजागरी उचकटते! मी त्याला बुडवायला पाणी सोडलं आणि हा पठ्ठ्या त्याच पाण्याकडून दार उघडून घेतोय!"

डॉक्टरांनी यंत्राला अकरा वर्षांची मुद्रणं चाळायला लावली. हरभरे चौदा वेळा आले होते, फटीत एकदाही नाही. "मग हे यंत्राजवळ नव्हतंच," त्या हळू म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "आमचं चुकलं. आम्ही थांबलोच नाही. तो कागद मी परत घेते."

इरफान रडत होता, हसतही होता. पद्मजाला वाटलं, आपल्यालाही आता रडू येईल. त्याऐवजी तिला दुसरंच सुचलं. हा आत होता. एक्केचाळीस दिवस आपल्याच आवाजात कुणी दुसरंच बडबडतंय हे ऐकत, आणि बायको त्या बडबडीला माना डोलावतेय हे पाहत हा आत पडून होता. आणि काल दुपारी, याच खुर्चीत बसून, तिनं बहिणीला फोनवर सांगितलं होतं, "परवा सही करते. सुटेल तो एकदाचा, आणि मीही सुटेन." हळू बोलायचंही तिच्या मनात आलं नव्हतं. ऐकायला होतंच कोण?

बधिरपणा उतरत होता आणि त्याच्याखाली नुसती भीती होती. ती उठली, त्याच्या कानाशी वाकली.

"भरतेश," ती म्हणाली, "तुला अजून इथं थांबायचंय का? खरं सांग."

पडद्यावर त्याच्या संकेतांची हिरवी रेघ जराशी हलली. तो शब्द जुळवत होता.

"थोडा अंदाज सुरू करू का?" डॉक्टरांनी विचारलं. "लगेच कळेल."

"हात लावू नका."

अंदाज लगेच बोलला असता, तेही हसून. पद्मजानं त्याचा हात हातात घेतला आणि ती बसून राहिली. 'हो' आलं तर पुढची कितीतरी वर्षं याच खोलीत, एकेका शब्दासाठी. 'नाही' आलं तर कागद पुन्हा काढावा लागेल, आणि या वेळी आत कोण आहे हे माहीत असताना. यातलं कोणतं आलं तर आपल्याला बरं वाटेल, हे तिचं तिलाच कळेना, आणि त्याची तिला लाज वाटली. इरफान खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

तेवीस मिनिटांनी स्पीकर खरखरला. शब्द एकच आला.

"तुला?"