खोडनोंद

रोज दुपारी चारच्या सुमाराला ज्योत्स्नाबाई गावंडे संगणकासमोर बसल्या की पडद्यावर तीच पाटी उमटायची. "न्याहाळकाची नवी आवृत्ती तयार आहे. बसवायची का?" खाली दोन चौकोन असायचे, एक 'होय'चा आणि एक 'आत्ता नको'चा. गेली तीन वर्षं बाई न चुकता 'आत्ता नको' दाबत होत्या. चिकाटी हा गुण असेल तर त्यांच्याकडे तो पोत्याने होता. साताऱ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईकडे तो असायचाच.

त्यांच्या आजीच्या काळात ज्याला ब्राउझर म्हणत, त्याला आता सगळे न्याहाळकच म्हणत. फरक एवढाच की हा न्याहाळक नुसती पानं दाखवत नसे. त्याच्या पोटात एक अंदाजपट असे. घरातलं माणूस कोणते शब्द लिहितं, कसे लिहितं, कशानंतर काय लिहितं, हे तो शिकत जाई आणि दोन अक्षरं उमटताच पुढचा शब्द स्वतःच पुढे करी. आणि ही नवी आवृत्ती बसवली की जुना अंदाजपट पुसला जाणार होता. सगळं घोडं तिथेच अडलं होतं, कारण त्या अंदाजपटात गजाननराव होते.

गजाननराव गावंडे मूळचे अकोल्याकडचे, नोकरी पाटबंधारे खात्यातली. धरणाच्या पाण्याची पातळी मोजण्यात हयात गेली आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. रोज सकाळी खात्याच्या पानावरचे आकडे बघायचे, त्यावर आपलं टिपण लिहायचं आणि चार जुन्या सहकाऱ्यांना धाडायचं, हा त्यांचा दहा वर्षांचा नेम. ज्योत्स्नाबाईंनी ती टिपणं कधी उघडून पाहिली नव्हती. धरणाचे आकडे कोण वाचतो?

संसार सुखाचा होता, फक्त त्यात एक अक्षर आडवं आलं होतं. गजाननरावांच्या तोंडी 'ण' बसतच नसे. पानी, लोनी, कोन. बाईंचा कान लहानपणापासून तिखट. नवऱ्याने आतून "कोन आलं?" असं विचारलं की त्या दारातून सांगायच्या, "काटकोन आला." ते हसायचे, पाहुणेही हसायचे. चौतीस वर्षं हा विनोद शिळा झाला नाही, निदान बाईंना तरी तसंच वाटत होतं.

मग ते आजारी पडले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पानी दे वं." बाई पेला घेऊनच उभ्या होत्या. जीभ सवयीची गुलाम असते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाणी म्हणा." गजाननरावांचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही आणि पेल्यातलं पाणी घशाखाली उतरलं नाही. मरणाऱ्या माणसाला आपण शुद्धलेखन शिकवलं, हे बाईंनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

त्यानंतर चौदाव्या दिवशी त्या पाणी तापवायच्या बंबाला दुरुस्तीवाला शोधत होत्या. 'पा' लिहिलं, आणि न्याहाळकाने अदबीने पुढे केलं: 'पानी'. बाई कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो तसाच स्वीकारला. बंब तसाच बिघडलेला राहिला.

त्या दिवसापासून दुपारचा एक तास ठरून गेला. शोधपट्टीत त्या लिहायच्या, आज अमुक झालं, तमुक आलं होतं, गुडघा दुखतोय. मध्येच मुद्दाम 'पा' लिहायच्या. 'पानी' आलं की त्यांना हायसं वाटायचं. या एका ठिकाणी तरी हा माणूस आपल्या शब्दासकट, न सुधारलेला, शाबूत होता. आपण केलेलं पाप इथे पोचलं नव्हतं.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. हयातीचा दाखला देण्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती. चेहरे आणि आवाज हुबेहूब बनवता येऊ लागल्यापासून सरकारचा त्यांवरचा विश्वास उडाला होता. यंदापासून माणूस जिवंत आहे की नाही, हे त्याच्या लिहिण्यावरून ओळखत, आणि ती ओळख फक्त नव्या न्याहाळकाला होती. दुसऱ्या संगणकावरून दाखला देता येईल का, असं त्यांनी विचारलं. यंत्र बदलायचं तर आधी हयातीचा दाखला लागेल, असं उत्तर आलं. बाई स्वतः कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. कारकून बिचारा सभ्य होता. म्हणाला, "तुम्ही आहात हे मला दिसतंय हो बाई, पण ते यंत्राला दिसायला हवं." दाखला गेला नाही तर एक तारखेला त्यांचं नाव दिवंगतांच्या यादीत जाणार होतं. दवाखाना, वीज, नळ, सगळं त्या एका नावावर चालायचं.

जाऊ दे की, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. दोघंही एकाच यादीत असू. पण ज्योत्स्नाबाई हिशेबी बुद्धीच्या. निकाल द्यायच्या आधी पुरावा बघायची त्यांची सवय. त्यांनी सानिया मणेरला बोलावून घेतलं.

सानिया त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता पुण्याच्या एका भाषायंत्र प्रयोगशाळेत अंदाजपटांवरच काम करायची. शनिवारी ती आली, चहा झाला, आणि बाईंनी इतकंच सांगितलं की यात यांचे शब्द आहेत, ते वाचवता येतील का ते बघ. पेल्याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

सानियाने संगणकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. नक्कल करून काही उपयोग नाही, असं ती म्हणाली. अंदाजपट ज्या यंत्रात वाढला त्याच यंत्रात जागा होतो, दुसरीकडे नेला तर ती नुसती आकड्यांची रास. मग ती जरा घुटमळली.

"मॅडम, सर गेल्यानंतर हा संगणक कोण वापरतंय?"

"मीच. रोज तासभर."

"रोज?" सानियाने कप खाली ठेवला. "अंदाजपटात प्रत्येक शब्दाला वजन असतं. शब्द वापरला की त्याचं वजन वाढतं. पण माणसं बदलतात, सवयी बदलतात, म्हणून जुनं विसरणंही त्याला भाग असतं. या यंत्रावर वीस हजार शब्द लिहून झाले की आधीच्या सगळ्यांचं वजन निम्मं होतं. पुढचे वीस हजार झाले की त्याच्या निम्मं."

"म्हणजे अर्धायुष्य."

"तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी टेबलावरचा कागद ओढला. दिवसाला तीनेकशे शब्द, तीन वर्षं, म्हणजे साधारण तीन लाख वीस हजार. भागिले वीस हजार. सोळा अर्धायुष्यं. दोनाचा सोळावा घात त्यांना पाठ होता. हजारो मुलांना त्यांनी तो फळ्यावर मांडून दाखवला होता. गजाननरावांचा पासष्ट हजार पाचशे छत्तिसावा भाग उरला होता.

"मी जितकं लिहिलं," बाई सावकाश म्हणाल्या, "तितके ते पुसले गेले."

सानियाने कागदावरचा भागाकार पाहिला आणि मान डोलावली.

"हात लावला नसता तर?"

"तर तसेच राहिले असते, मॅडम. पट काळाने विसरत नाही, वापराने विसरतो."

देव्हाऱ्यातली मूर्ती रोज घासून घासून नाकडोळे झिजवावेत, तसं झालं होतं. पण त्या चटकन सावरल्या, कारण त्यांच्यापाशी एक पुरावा अजून होता. त्यांनी सानियाला बाजूला सारून शोधपट्टीत 'पा' लिहिलं. न्याहाळकाने लगेच 'पानी' पुढे केलं.

"हे बघ. हा त्यांचा शब्द. मी उभ्या जन्मात असं बोलले नाही. मग हा कसा उरला?"

सानियाने पट उघडायची परवानगी मागितली. पडद्यावर एक लांबलचक तक्ता आला. प्रत्येक शब्दासमोर वजन आणि त्यापुढे प्रथमनोंद, म्हणजे तो शब्द या यंत्रावर पहिल्यांदा पुरा लिहिला गेला तो दिवस. ही तारीख झिजत नाही, ती नुसती तारीखच असते, असं सानियाने सांगितलं. मग तिने 'पानी'ची ओळ काढली आणि तारखेवर बोट ठेवलं.

तारीख गजाननराव गेल्यानंतरच्या बाराव्या दिवसाची होती, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांची.

आपला पुरावा असा उलटेल हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. बाराव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. संगणकावर कोण बसेल? मग त्यांना आठवलं. त्या स्वतःच बसल्या होत्या. अकोल्याच्या दिरांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांना पत्र लिहिलं होतं. शेवटी काय म्हणाले, असं दिरांनी विचारलं होतं. बाईंनी लिहिलं होतं, 'पानी दे वं म्हणाले.' तेवढंच. स्वतः काय म्हणाल्या ते लिहिलं नव्हतं.

"नवा शब्द दिसला की पट तो एकदा पुढे करून बघतो," सानिया हलक्या आवाजात म्हणाली. "माणसाने घेतला तर ठेवतो. तुम्ही रोज घेतलात."

म्हणजे तीन वर्षं बाई स्वतःशीच बोलत होत्या. त्यांनीच पेरलं, त्यांनीच पाणी घातलं आणि उगवलेल्याला त्या नवरा म्हणत होत्या.

"पण मग त्यांनी दहा वर्षं काय लिहिलं?" त्यांचा आवाज चिरका झाला. "धरणाचं टिपण पाण्याशिवाय होतं का?"

सानियाने 'पाणी'ची ओळ काढली. 'ण'चं पाणी, प्रथमनोंद तेरा वर्षांपूर्वीची, गजाननरावांनी संगणक घेतला त्या आठवड्यातली. दहा वर्षं त्या माणसाने एकदाही चुकीचा शब्द पुढे जाऊ दिला नव्हता. त्या ओळीच्या टोकाला आणखी एक आकडा होता. बाईंनी तो काय आहे असं विचारलं.

"ही खोडनोंद. शब्द पुरा करून पुढे गेलात तरच पट त्याला शब्द म्हणून धरतो. मध्येच पुसलं तर ते इथे मोजतो. लिहिलं काय, पुसलं काय आणि त्या जागी आलं काय. हा नुसता मोजदादीचा आकडा आहे, झिजत नाही." तिने ओळ मोठी केली. "'पानी' लिहिलं, पुसलं, 'पाणी' केलं. सहा हजार चारशे अकरा वेळा. शेवटची तारीख सर अंथरुणाला खिळायच्या आदल्या दिवसाची आहे."

बाईंनी तो आकडा वाचला. पुन्हा वाचला. रोज सकाळी त्या आत स्वयंपाकघरात असायच्या आणि बाहेर हा माणूस एकटा बसून आधी आपल्या आईचा शब्द लिहायचा, मग तो पुसून बायकोचा लिहायचा. बघायला कुणी नव्हतं. टिपणं बायको वाचत नाही हेही त्याला ठाऊक होतं. तरीही सहा हजार चारशे अकरा वेळा. आणि बाईंनी ते दहा वर्षं पाहिलं नाही, आणि शेवटच्या पेल्यापाशी त्याला पुन्हा शिकवायला गेल्या. त्या दुपारी ओठ हलले होते ते काय म्हणायला, हे आता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, विद्यार्थिनीसमोर, लाज न बाळगता रडल्या. सानिया त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले, तो आकडा कागदावर उतरवून घेतला आणि खुर्ची पुढे ओढली. "बसव ती नवी," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच 'होय' दाबलं. जुना पट पुसायला चाळीस सेकंद लागली. तीन वर्षं त्यांना ज्याची धास्ती होती, ते एवढ्यात उरकलं.

नवा न्याहाळक पांढरा आणि अनोळखी होता. दाखल्याचं पान उघडलं. त्यावर एवढंच होतं: 'आपल्या हाताने कोणताही एक शब्द लिहा.' सानियाने समजावलं की यंत्राने बनवलेलं लिहिणं कधी अडखळत नाही, जिवंत हात अडखळतो. तो कसा अडखळतो, हेच न्याहाळक बघतो.

ज्योत्स्नाबाईंनी कळपाटीवर बोटं ठेवली. पा लिहिलं. न लिहिला, त्याला वेलांटी दिली. थोडं थांबल्या. मग तेवढं पुसलं आणि त्या जागी णी लिहिलं.

हिरवी पाटी आली: 'आपण हयात आहात.'

बाईंनी ती वाचली. मग विचारलं, "नव्या पटात आता काय असेल गं?"

"काहीच नाही, मॅडम. कोरा आहे. फक्त खोडनोंदीत एक."

बाईंनी कागदावरचा आकडा पाहिला आणि मान हलवली.

"सहा हजार चारशे बारा," त्या म्हणाल्या.