मागच्या सीटवरची चांगुणा

औरंगाबाद नाक्याच्या वळणावर गाडी अजून दिसलीही नव्हती, तेव्हाच चांगुणाने हातातली चहाची बशी खाली ठेवली. कान टवकारून तिने ऐकलं – खट्... खट्... खड्डा आला की एक, आणि मग थोड्या वेळाने एक उशिराचा.

क्रीम रंगाची जुनी ॲम्बॅसडर गॅरेजच्या दारात येऊन थांबली. आतून एक उंच तरुण उतरला. मिशी एवढी झुबकेदार, की वरचा ओठ असेलच अशी समजूत करून घ्यायची.

"मिस्त्री कुठंयत? गाडी कुठंतरी वाजतीय."

"कुठंतरी नाही. मागचं उजवं चाक," चांगुणा म्हणून गेली, आणि तिने जीभ चावली.

एकोणऐंशीचा जानेवारी होता तो. त्या काळी नाशिकची थंडी अशी, की दहा वाजेपर्यंत माणसं आपापला उन्हाचा तुकडा सोडत नसत. तिचे वडील अण्णा, म्हणजेच जयराम मिस्त्री, तसेच उन्हात उभे राहून पाना पुसत होते. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात त्यांचं तरुणपण गेलं, आणि तिथल्या हातोड्यांखाली हळूहळू कानही गेले. गाडीचा आवाज ओळखणारा मिस्त्री म्हणून त्यांचं नाव पार देवळ्यापर्यंत होतं; पण आता त्यांना शेजारून गेलेला ट्रकसुद्धा ऐकू येत नव्हता. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत. ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं आईने, सिंधुबाईंनी, ठरवून टाकलं होतं. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याकडे वाजणारी गाडी कोण आणील?

म्हणून गाडी फिरवून बघताना चांगुणा मागच्या सीटवर बसायची. वडील चालवायचे, गिऱ्हाईक शेजारी. आवाज डावीकडून आला की ती वडिलांच्या डाव्या खांद्याला हात लावी, उजवीकडून आला की उजव्या. पुढचं चाक असेल तर बोटं, मागचं असेल तर मूठ. गिऱ्हाइकाला सांगायचं कारणही तयार होतं – मागे माणूस बसलं की स्प्रिंगच्या पाट्यांवर भार येतो, आणि आवाज लपत नाही.

"भारच पायजे तर मी बसतो की मागं," गाडी सुरू झाल्यावर तो तरुण म्हणाला. "या पोरीचं वजन ते किती!"

अण्णांची नजर रस्त्यावर होती. उत्तर चांगुणाने दिलं. "तुमचं बोलणंच जड आहे. पाटे तुटतील."

तो वळून हसला. नाव रंगनाथ. विंचूरला त्यांची कांद्याची आडत होती, आणि गोण्या वाहून वाहून गाडीची ही दशा झाली होती. चांगुणाने अण्णांच्या उजव्या खांद्यावर मूठ टेकवली. अण्णा म्हणाले, "पाटा जिथं टांगलाय, तिथला रबरी बुश गेलाय."

"दुपारपर्यंत होईल का?" रंगनाथने उतरता उतरता विचारलं.

अण्णांनी त्या मिशीकडे बारीक नजरेने पाहिलं. "नको, आत्ताच जेवलो."

"म्हणजे... जेवण झालंय, लगेच कामाला हात घालतात," चांगुणा घाईघाईने म्हणाली.

"असं होय," रंगनाथ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

जुन्या गाडीचं असं असतं, की एक आवाज गेला म्हणजे त्याच्याखाली दबलेला दुसरा ऐकू यायला लागतो. बुश बदलला, तर पुढून चुळूक चुळूक सुरू झालं. रंगनाथ पुन्हा आला.

"बंपर दाबा आणि सोडून द्या," चांगुणा म्हणाली. "गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. झोके घेत राहिली, तर शॉकअप गेला."

त्याने दाबलं, सोडलं. गाडी झोके घेत राहिली.

"माझंबी असंच हाय," तो म्हणाला. "इथून गेलं की दोन दिवस थांबत नाय."

"डॉक्टरांना दाखवा."

"तेच तर दाखवायला येतो..."

तिने फडकं झटकलं आणि आत निघून गेली. आत काही काम नव्हतं.

तिसऱ्या खेपेला वळणावरचा कट्ट असा आवाज होता. अण्णांनी चाक जॅकवर उचललं आणि दोघांना ते हलवून बघायला लावलं – त्याचे हात वर, तिचे खाली. चाक सैल हललं. चाक ज्या खिळीवर वळतं, ती किंगपिन झिजली होती.

"झालं. सोडा आता," ती म्हणाली.

"सोडलं की," तो म्हणाला, आणि हात तिथेच राहिले. तिचेही.

त्याच महिन्यात पिंपळगावचं एक चांगलं स्थळ चांगुणाने नाकारलं. आधीची दोन नाकारली होती तशीच. कारण तिने कुणाला सांगितलं नाही, पण हिशोब सरळ होता. ती गेली, की मागची सीट रिकामी. मागची सीट रिकामी, की गॅरेज बंद. आणि गॅरेज बंद झालेले अण्णा तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हते. रंगनाथचाही विचार तिने याच हिशोबात बसवून बाजूला ठेवला. तो तिथे फारसा टिकत नव्हता, एवढंच.

फेब्रुवारी संपता संपता तो आला, तेव्हा चांगुणाने त्याला ओळखलंच नाही. ओठावर मिशी नव्हती.

वडील गेल्याशिवाय मिशी काढायची नाही, हा त्या भागातला रिवाज. सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! कधी गेले हो वडील?"

"कुठं जातात! सकाळीच चप्पल फेकली माझ्यावर. मिशी काढली म्हणून."

"मग काढली कशाला?"

"मिस्त्रींशी बोलायचं होतं."

तो अण्णांसमोर गेला, चेहऱ्यावर ऊन येईल असा उभा राहिला, आणि अगदी हळू, ओठ नीट हलवत काहीतरी म्हणाला. शेजारी उभ्या सिंधुबाईंनासुद्धा ऐकू आलं नाही.

अण्णांना मात्र समजलं. आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात, तसे ते बोलले. "कुणाशी? चांगुणाशी लग्न? मग मला काय विचारतो, तिला विचार ना!"

समोरच्या पेट्रोल पंपावर नळी धरलेला हात थांबला. चहाच्या टपरीवरची बाकं वळली. चांगुणा तडक जाऊन ॲम्बॅसडरच्या मागच्या सीटवर बसली. लपायला दुसरी जागा नव्हती. रंगनाथने गाडी काढली आणि आडगावच्या रस्त्याला लावली.

नाका मागे पडला. मग ती म्हणाली, "अण्णांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या गावच्या ट्रकवाल्यानं. पत्ता देतानाच म्हणला, मिस्त्रीला ऐकू येत नाय, पोरीला मागं बसू दे, अन् काय दिसलं तरी बोलू नको."

"आणखी कुणाला माहितीय?"

"या रस्त्यावर ज्याच्याकडं गाडी हाय, त्याला."

चांगुणा खिडकीबाहेर बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच..."

"उगाच कशी? लोक तुझ्या कानासाठीच येत्यात."

'तुझ्या' म्हणाला, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते तसंच राहू दिलं.

"मी विंचूरला आले, तर इथे मागे कोण बसेल?"

"तूच. रोज सकाळी आणून सोडीन."

"या गाडीतून?"

"मग ही नीट कशाला करून घेतोय?"

"तुमच्या घरी चालेल? सून गॅरेजात?"

"नाय चालणार," तो सरळ म्हणाला. "वडलांच्या पायातली दुसरी चप्पल अजून शिल्लक हाय."

"मग?"

"मग काय... नेम लय वाईट हाय त्यांचा."

ती हसली, आणि हसल्याचा तिला रागही आला. त्याने गाडी वळवली. "काय ते सांग ना."

"विचारलंत अण्णांना. उत्तर त्यांनाच देईन."

नाक्यावर तोपर्यंत कुणीच कुठे गेलं नव्हतं. ज्यांचा चहा संपला होता, तेही रिकामे ग्लास धरून बसले होते. चांगुणा उतरली आणि सगळ्यांकडे पाठ करून अण्णांसमोर उभी राहिली. तिचे ओठ हलले. आवाज तिने काढलाच नाही.

"काय म्हणली?" मागून रंगनाथने विचारलं.

अण्णा लेकीकडे बघत होते. मागून आलेला प्रश्न त्यांना कळलाच नाही.

"मिस्त्री, काय म्हणली ती?" त्याने मोठ्याने विचारलं.

"अहो पाव्हणं," पंपावरून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्रींचं तोंड बघा की!"

रंगनाथने बघितलं. अण्णांचं हसू थेट कानांपर्यंत पोचलं होतं.